मुलीच्या बर्नआउटसाठी नोकरी सोडायची वेळ आली तर: राजीनाम्याच्या आधीपासून परत कामाला लागेपर्यंत

आमच्या घरात नोकरी मी सोडली, बायकोने नाही. हे आधीच सांगून टाकतो कारण निम्मे लोक तिथेच अडकतात आणि पुढचं ऐकतच नाहीत. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत ऑटो पार्टच्या एका कंपनीत क्वालिटीला होतो, १४ वर्षं. बायको बँकेत. लेक ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे, निदान आठव्या वर्षी झालं, मुलींचं बऱ्याचदा असं उशिराच होतं कारण त्या शाळेत बाकीच्यांचं बघून बघून चारचौघींसारखं वागायला शिकतात आणि आपल्याला वाटतं बरं चाललंय की. सहावीत दिवाळीची सुट्टी संपली त्या सोमवारी ती शूज घालून दारात बसली ती दीड तास तशीच बसून राहिली, आणि मग शाळेत गेली नाही ती गेलीच नाही.

ज्यांचं मूल आत्ता अशा अवस्थेत आहे आणि जे रात्री अडीचला राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमधे टाकून झोपतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. जे केलं, जे चुकलं आणि जे कागद लागले ते सांगतो.

पहिलं: हे बर्नआउटच आहे का ते बघा

आळस, हट्ट, लाडावलेलं पोर, मोबाईलचं वेड, हे सगळं ऐकून झालेलं असेल. ऑटिस्टिक बर्नआउट म्हणजे वर्षानुवर्षं आवाज, गर्दी, बेंचवर सहा तास बसणं आणि वर ते "नॉर्मल दिसणं" याचा भार सोसून सोसून बॅटरी पार बसणं. २०२० मधे अमेरिकेतल्या संशोधकांनी ऑटिस्टिक मोठ्या माणसांशी बोलून याची तीन लक्षणं मांडली: महिनोन्महिने न जाणारा थकवा, आधी येत असलेल्या गोष्टी न येणं, आणि आवाज-उजेड-स्पर्श अजिबात सहन न होणं. साधारण तीन महिने किंवा जास्त टिकतं. यातली दुसरी गोष्ट आईबापाला सगळ्यात घाबरवते. आमची स्वतः वेणी घालणारी पोरगी चेन लावायला माझ्याकडे यायला लागली, बोलणं एकेक शब्दावर आलं, नंतर काही दिवस तेही नाही, नुसतं बोट दाखवायची.

हे अधिकृत आजारांच्या यादीत नाही, त्यामुळे फाईलवर डॉक्टर "बर्नआउट" लिहून देतील अशी अपेक्षा ठेवू नका. पण डॉक्टरकडे जा, नक्की जा. रक्त तपासा, हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी१२, व्हिटॅमिन डी. दात, पोट, पाळी सुरू होण्याचं वय, शाळेत कोणी त्रास देतंय का, हे सगळं बघायचं, कारण आपलं मूल "दुखतंय" असं सांगेलच असं नाही. डिप्रेशन वेगळं असतं आणि कधी दोन्ही एकत्र असतं, ते बाल-मानसोपचारतज्ज्ञानेच बघायचं. आणि खाणंपिणं थांबलं, स्वतःला इजा करायला लागलं, मरणाबद्दल बोललं किंवा तासन्तास एकाच स्थितीत ताठ राहायला लागलं तर पुढचं काही वाचत बसू नका, त्याच दिवशी घेऊन जा. रात्री-अपरात्री काहीच सुचत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात.

दुसरं: राजीनामा लगेच देऊ नका

मी जवळजवळ दिला होता. बायको म्हणाली, "अहो, आधी रजा तर संपवा." बरोबर बोलली. माझ्या ३८ पीएल (पगारी रजा) शिल्लक होत्या, आठवड्याला दोन अशा घेत गेलो आणि त्या काळातच कळलं की हे दोन महिन्यात मिटणारं नाही. क्रम असा ठेवा: शिल्लक रजा, मग घरून काम किंवा अर्धा दिवस, मग बिनपगारी रजा, मग राजीनामा. पुष्कळ मोठ्या कंपन्यांत सबॅटिकलची (लांब मुदतीच्या रजेची) पॉलिसी असते आणि एचआर आपणहून कधीच सांगत नाही, लेखी विचारा.

सरकारी नोकरी असेल तर तर थांबाच. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना (आणि एकट्याने मूल सांभाळणाऱ्या पुरुषांनाही) पूर्ण नोकरीत ७३० दिवस बालसंगोपन रजा मिळते, पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ३६५ दिवस ८० टक्के. एरवी मूल १८ वर्षांचं होईपर्यंतच, पण दिव्यांग मूल असेल तर वयाची अट नाही. राज्य सरकारचे वेगळे जीआर आहेत, आस्थापना शाखेत बसणाऱ्या माणसाला चहा पाजून नीट समजून घ्या. २०२४ च्या एप्रिलमधे सुप्रीम कोर्टानेही म्हटलंय की दिव्यांग मुलाच्या आईला अशी रजा नाकारणं हे संविधानाने दिलेल्या हमीला धरून नाही. फक्त दिव्यांग मूल म्हणून सवलत हवी तर त्याचं दिव्यांग प्रमाणपत्र लागतं, आणि ते आपण काढलेलं नसतं. त्यावर येतोच.

कोणी सोडायची?

आपल्याकडे हा प्रश्न विचारलाच जात नाही, आई सोडते, विषय संपला. आम्ही एका रविवारी वहीत दोन रकाने आखले. पगार कोणाचा जास्त हे लिहिलंच पण ते सगळ्यात महत्त्वाचं नव्हतं. मेडिक्लेम कोणाच्या नोकरीत घट्ट आहे, पेन्शन कोणाला, पाच वर्षांनी परत कोणाला घेतील, होमलोन कोणाच्या नावावर, आणि शेवटचा रकाना, लेक कोणाच्या सोबत शांत बसते. पगार माझा थोडा जास्त होता. बाकी सगळे रकाने बायकोच्या नोकरीच्या बाजूने, आणि शेवटचा माझ्या. म्हणजे ठरलंच.

माझ्या आईला हे पटायला वर्ष गेलं. सोसायटीत अजून "सर, सध्या घरीच का?" चालू असतं. हो, घरीच.

तिसरं: पैशाचं, घाईघाईत पण नीट

घरखर्च अधिक हप्ते मिळून महिन्याला किती जातात ते मागच्या सहा महिन्यांच्या स्टेटमेंटवरून काढा, अंदाजाने नको, अंदाज नेहमी कमी निघतो. तेवढे निदान सहा महिन्यांचे पैसे हाताशी पाहिजेत, एफडीत चालतील, शेअरमधे नको. आमच्याकडे चार महिन्यांचे होते म्हणून गाडी विकली, स्कूटरवर आलो.

ग्रॅच्युइटी पाच वर्षं सलग झाली की मिळते. हिशोब: शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. समजा बेसिक ४०,००० आणि १४ वर्षं, तर साधारण ३ लाख २३ हजार. साडेचार-पावणेपाच वर्षं झाली असतील तर दात ओठ खाऊन तेवढे महिने काढा, मधे बिनपगारी रजा लागली तरी चालेल पण एचआरकडून लेखी घ्या की सर्व्हिस सलग धरली जाईल. पीएफ काढू नका, हात शिवशिवतात पण नको. फक्त ऑनलाइन नोंदीत तुमची नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकली का ते बघा, नाहीतर पुढे ट्रान्सफरला रडारड होते.

मेडिक्लेम ही सगळ्यात मोठी खाच. कंपनीची ग्रुप पॉलिसी शेवटच्या दिवशी संपते. त्याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का हे नोटीस पिरियड चालू असतानाच विचारायचं, नंतर नाही. नवीन घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी थांबायचा काळ असतो, तो आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. आणि एजंटने "मानसिक आजार कव्हर नसतो" म्हटलं तर त्याला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दाखवा, शारीरिक आजाराच्या बरोबरीने कव्हर द्यावं असं त्यात स्पष्ट आहे.

साहेबाला काय सांगायचं? मी तीन पानी मेल लिहिला होता, तो पाठवला नाही. "मुलीची तब्येत, दीर्घकाळ घरी थांबावं लागेल, हँडओव्हर नीट करून देतो" एवढंच. ऑटिझम समजावत बसलो नाही. चांगलं वागून निघा, पुढे त्याच माणसाने मला पहिलं काम दिलं.

चौथं: कागद

हे मूल जरा सावरलं की करायचं, कारण सिव्हिल हॉस्पिटलची रांग बर्नआउटमधल्या मुलाला झेपत नाही. आम्ही आधीच करून ठेवायला हवं होतं, निदान झालं तेव्हाच. "लेबल कशाला लावायचं" या नादात तीन वर्षं घालवली.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम त्यात आहे, लर्निंग डिसॅबिलिटी आहे, पण नुसतं एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा, तपासणी सरकारी दवाखान्यात होते, आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) येतं. बऱ्याच ठिकाणी ४० टक्क्यांची अट असते. सकाळची पहिली वेळ मागा, एकाने रांगेत थांबायचं आणि मुलाला गाडीत किंवा बाहेर झाडाखाली बसवायचं, नंबर आला की फोन.

त्यातून मिळतं काय? एक, इन्कम टॅक्समधे जुन्या कर-पद्धतीत दिव्यांग आश्रितासाठी (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडी) ७५,००० ची वजावट, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००, खर्च किती झाला याच्याशी रकमेचा संबंध नाही. ही वजावट जो कमावतो त्याने घ्यायची, म्हणजे आमच्यात बायकोने, आणि ऑटिझमला ठराविक नमुन्यातलं मेडिकल सर्टिफिकेट लागतं. नवीन पद्धतीत ही वजावट नाही, त्यामुळे दोन्हीकडून हिशोब करून बघा. दोन, नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना, १ लाखापर्यंतचं कव्हर, आधी मेडिकल तपासणी नाही, थेरपीचा खर्चही काही प्रमाणात. तीन, परीक्षेच्या सवलती, जादा वेळ, लेखनिक वगैरे.

पाचवं: शाळा

शाळेशी भांडायची ताकद त्या महिन्यात नसते, म्हणून एकच पत्र द्या, पोच घ्या. डॉक्टरच्या सर्टिफिकेटसह: मुलगी आजारी आहे, अमुक काळ येणार नाही, गृहपाठ पाठवू नये, पटावर नाव राहू द्यावं. आमच्या शाळेने "दाखला काढून घ्या, तेच बरं" असं गोड आवाजात सुचवलं. मी आरटीईचं (शिक्षण हक्क कायद्याचं) १६ वं कलम छापून नेलं, आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. आवाज बदलला. दाखला रागाच्या भरात काढू नका.

आणि वर्ष वाया जाईल ही जी मोठी भीती असते ना, तिला थोडं बाजूला बसवा. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून दहावी १४ वर्षं पूर्ण झाल्यावर कधीही देता येते, विषय थोडे थोडे करून देता येतात, पाच वर्षं मुदत असते. आपल्या बोर्डाचा बाहेरून परीक्षा द्यायचा १७ नंबरचा फॉर्म आहेच. रस्ते आहेत.

सहावं: घरी आल्यावर पहिले तीन महिने, आणि माझी मोठी चूक

इथे मी सविस्तर लिहिणार कारण याच्यावर कोणी बोलत नाही.

शेवटचा दिवस झाला, केक कापला, दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप उघडून एक्सेल केली. झोपेचे तास, जेवण, स्क्रीन, मेल्टडाउन (भार असह्य होऊन ताबा सुटणं) एक ते पाच तीव्रतेत, रंग लावून. भिंतीवर चित्रांचं वेळापत्रक, १४ कामं. मनात हेच की आता मी पूर्णवेळ आहे म्हणजे रिझल्ट दिसला पाहिजे, पगार सोडलाय, काहीतरी हातात आलं पाहिजे. तिसऱ्या आठवड्यात तिने ते वेळापत्रक फाडलं, कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत जाऊन बसली आणि पुढे कितीतरी दिवस मी खोलीत आलो की तोंड फिरवायची. ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) मॅडम सगळं ऐकून हसल्या आणि म्हणाल्या, "ऑडिट बंद करा हो."

नोकरी सोडून मी लेकीवर नोकरी करायला लागलो होतो. ती शाळेतून पळाली होती मागण्यांपासून, आणि मी घरीच मागण्यांचा कारखाना उघडला.

मग काय केलं? काढत गेलो. अंघोळ रोज नाही, एक दिवसाआड, कधी ओल्या टॉवेलवर भागवलं. ताटावर बसून जेवायची सक्ती नाही. फोडणीचा वास सहन होत नव्हता म्हणून तिचा वरणभात बिनफोडणीचा, तोच तोच, चार महिने. ब्रश होत नव्हता तर चूळ. कुठल्या पाहुण्याला नमस्कार नाही. थेरपीसुद्धा मॅडमशी बोलून दोन महिने थांबवली, पण गोळ्या चालू असतील तर त्या मनाने बंद करायच्या नाहीत, ते वेगळं.

बोलण्यातही मागणी असते हे मला उशिरा कळलं. "काय खाणार? बरं वाटतंय का? बाहेर जायचं का?" हे तीन प्रश्न म्हणजे तिच्यासाठी तोंडी परीक्षा. त्याऐवजी नुसतं सांगायचं. "मी खाली कोथिंबीर आणायला चाललोय." "इथे पोळी ठेवलीये." आणि निघून जायचं. दहातल्या नऊ वेळा काही होत नाही. दहाव्या वेळी पोळी संपलेली असते.

आवाजाचं: मिक्सर फिरवायची वेळ ठरवली, सकाळी साडेदहा, आधी सांगून. कुकर सोडून पातेल्यात भात. कानाला लावायला प्रेस शॉपमधे आम्ही वापरायचो तसले इयरमफ एमआयडीसीतल्या सेफ्टीच्या दुकानातून आणले, ऑनलाइन "सेन्सरी" म्हणून विकतात त्याच्या निम्म्या किमतीत. आणि नाशिककरांना सांगायला नको, गणपतीच्या आधी महिना-दीड महिना ढोलाची प्रॅक्टिस चालते. आम्ही तेव्हा सरळ निफाडकडे मामाच्या मळ्यात जाऊन राहिलो, द्राक्षबागेत दुपारी चिटपाखरू नसतं. आईला वाईट वाटलं घरचा गणपती सोडून गेलो म्हणून. दीड दिवसाचा गणपती तिने आणि बायकोने केला.

स्क्रीन? भरपूर बघितला तिने. मी सोडून दिलं. ती कुलपांचे व्हिडिओ बघायची, कुलूप आतून कसं चालतं ते. मी काही न बोलता जुन्या बाजारातून पाच-सहा गंजकी कुलपं आणून टेबलावर ठेवली, शेजारी स्क्रू ड्रायव्हर. अकरा दिवस तशीच पडून होती, मोजले मी, सवय. बाराव्या दिवशी एक उघडलेलं दिसलं. पुढे कधीतरी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, छोटा पाना." कितीतरी आठवड्यांनी दोन-तीन शब्द एकत्र.

आवड जी असेल ती, तिच्यातून शिकवायला जाऊ नका लगेच. मी "बघ, यातली स्प्रिंग म्हणजे विज्ञान" सुरू केलं आणि तिने डबा बंद केला.

नातेवाईक

समजावून सांगणं व्यर्थ. एक वाक्य पाठ करा. आमचं होतं, "डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीये." डॉक्टर हा शब्द चालतो. जवळच्यांना काम द्या, सल्ला द्यायला वेळ राहत नाही. आई "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" म्हणायची, तिला म्हटलं रोज दुपारी अर्धा तास तू तिच्या खोलीत जपमाळ घेऊन नुसती बस, बोलायचं नाही. ती बसायला लागली. आता घरात आमच्या लेकीचं सगळ्यात जास्त तिलाच कळतं.

घरी थांबणाऱ्या माणसाचं

पहिले दोन महिने बरे जातात. मग एक दिवस जुन्या ग्रुपवर कोणाच्या प्रमोशनचा फोटो येतो आणि आपण पिशवी घेऊन दळण आणायला निघालेलो असतो. मला राग यायचा, आणि तो राग लेकीवर निघतो का हे बघत राहायला लागायचं. एकदा निघाला. ती माफी मी लिहून तिच्या टेबलावर ठेवली, कारण बोललेलं तिला पोचलं नसतं.

तीन गोष्टी पक्क्या केल्या: रविवारी सकाळी ६ ते ११ मी घरात नसणार, गंगापूर धरणाकडे सायकल. स्वतःच्या नावावर थोडे पैसे, महिन्याला बायकोच्या पगारातून माझ्या खात्यात ठराविक रक्कम, मागायला लागू नये म्हणून. बायकांनी घरी थांबायचं असेल तर ही अट आधीच घाला, मगच नोकरी सोडा. आणि बायको बँकेतून आली की पहिली वीस मिनिटं दिवसाचा रिपोर्ट द्यायचा नाही, ती पण दमून येते.

सातवं: सुधारतंय हे कसं ओळखायचं, आणि घाई कशी करायची नाही

सरळ रेषेत होत नाही. चार दिवस छान, मग सहा दिवस अंथरुणात. आपण चांगल्या दिवशी उत्साहात येऊन मावशीकडे नेतो आणि आठवड्याची वाट लागते. मी नियम केला, जेवढं झेपेल असं वाटतंय त्याच्या निम्मं करायचं. तासभर बागेत बसेल असं वाटलं तर अर्ध्या तासात घरी, हट्ट धरला तरी.

आमच्याकडे क्रम असा आला: आधी झोप लागली, मग खाण्यात एक नवीन पदार्थ आला (टोस्ट), मग गुणगुणणं, मग कंटाळा. ती "कंटाळा आला" म्हणाली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला फोन केला, कारण कंटाळा यायलाही शिल्लक ताकद लागते. शाळेचा विषय पहिल्यांदा तिने काढला, अकराव्या महिन्यात. दुसरी शाळा बघितली, छोटी, वर्गात २२ मुलं. सुरुवातीला आठवड्यात दोन दिवस, एकेक तास, चित्रकला आणि गणित, युनिफॉर्म नाही. ती परवानगी मुख्याध्यापिकेकडून लेखी घेतली. आता आठवीत चार दिवस जाते, बुधवार सुट्टी, आणि बुधवारी कोणी तिला काही विचारायचं नाही. जुन्या शाळेतली वेणी-रिबिनवाली, पहिल्या बाकावरची मुलगी परत आलेली नाही. केस तिने बारीक कापून घेतलेत आणि वर्गात इयरमफ लावून बसते.

आठवं: परत काम

पूर्ण नोकरी अजून नाही. सोडतानाच दोन गोष्टी केल्या होत्या, इंटर्नल ऑडिटरचं सर्टिफिकेट चालू ठेवलं, आणि जुन्या लोकांना तीन महिन्यातून एकदा साधा फोन, काम न मागता. आता सप्लायर ऑडिट करतो, महिन्यात चार ते पाच दिवस, सिन्नर, चाकण, कधी वाळूज. पैसे आधीच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. तुमचं क्षेत्र वेगळं असेल तर अकाउंट्स, भाषांतर, ट्यूशन, टेस्टिंग, जे तासावर विकता येतं ते शोधा, आणि मुलाचे निदान तीन महिने स्थिर गेल्याशिवाय कोणाला शब्द देऊ नका. मी एकदा दिला आणि ऐनवेळी माघार घेतली, तो माणूस परत बोलला नाही.

ऑडिटचे दिवस फ्रिजवरच्या कॅलेंडरवर आठवडा आधी निळ्या पेनाने लिहितो, निघायची वेळ आणि यायची वेळ दोन्ही. यायची वेळ नेहमी तासभर उशिराची. लवकर आलो तर चालतं, पाच मिनिटं उशीर झाला तर ती दाराचं कुलूप आतून लावून बसते, आणि तिच्याइतकं पक्कं कुलूप या घरात दुसऱ्या कोणाला लावता येत नाही.